कर्नलसाहेबांना जोडी मिळत नाही

अ‍ॅव्हरडेल कोर्ट, क्लनब्रुक
मंगळवार, ४ मार्च १९३०

प्रिय हेस्टर,

काल दुपारी खुर्चीतच डोळा लागला आणि कानात ती घंटा वाजली. लंडनच्या आमच्या जुन्या घरातली, जेवणघराच्या दारावर बसवलेली, मतदानाची घंटा. तू ती ऐकलेली नाहीस, तुझ्या जन्माआधीच ते घर गेलं. मंजुळ वगैरे मुळीच नव्हती. पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे घालून कुणी तो खडखडवत सुटावं, तसा आवाज. तिकडे पार्लमेंटात मतदान पुकारलं की इकडे तारेवरून ती वाजायची, आणि तुझे आजोबा तोंडातला घास तोंडातच ठेवून उठायचे. सभागृहाची दारं बंद व्हायच्या आत पोचायचं असे. आम्हा दोघा भावांना त्यांनी कवायतच लावली होती: घंटा झाली की मी छडी आणायची, जोसलिननं हॅट. मी कवितेच्या पुस्तकात बुडालेला असायचो, त्यामुळे छडी नेहमी उशिरा पोचायची. हॅट कधीच नाही. त्या वयापासून तुझ्या वडिलांचे पाय घंटेला बांधलेले आहेत. पाय आधी निघतात, डोकं मागाहून येतं.

आता मुद्द्याचं. तू म्हणशील, क्रिस्पिन काकाला मुद्द्यावर यायला एक पान लागतं. लागतं खरं.

तुझे वडील आजारी आहेत. मागल्या महिन्यात लंडनहून परत आले आणि दिवाणखान्याच्या दारातच कोसळले. डॉक्टर मॉट्रम म्हणतात, हृदय थकलंय. जिना चढायचा नाही, चिडायचं नाही, आणि लंडनचं नाव काढायचं नाही. हे सगळं जोसलिननं खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं. मग त्याच्या पक्षाच्या प्रतोदांचा हुकूम आला. येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी मतदान आहे, आणि त्या ओळीखाली तीन रेघा ओढलेल्या आहेत. एक रेघ म्हणजे जमलं तर या, दोन म्हणजे याच, आणि तीन रेघा म्हणजे मेला असाल तरच येऊ नका. तुझे वडील हा शेवटला अर्थ शब्दशः घेणारे आहेत.

बिल कशाचं आहे ते ऐक. शेतातलं पाणी वाहून नेणारे चर कुणी उपसायचे, मालकानं की परगण्यानं, ह्याचं. मी जोसलिनला विचारलं, तुझं ह्या चरांबद्दल मत तरी काय? तो म्हणाला, मत पक्षाचं असतं, आपण फक्त द्यायचं. मॉट्रमनी निर्वाणीचं सांगून पाहिलं. म्हणाले, "कर्नलसाहेब, जायचं तर जा, पण परतीचं तिकीट काढू नका, पैसे वाया जातील." जोसलिन म्हणाला, सभासदांना रेल्वे फुकट असते.

मी काय करू ह्या माणसाचं?

उपाय एकच आहे, आणि तो तुझ्या घरात राहतो. तू लहान असताना एकदा मला विचारलं होतंस, पप्पा सारखे जोडी जोडी म्हणतात ते काय? मी बुद्धिबळाच्या पटावरून एक पांढरं प्यादं उचललं आणि एक काळं. म्हटलं, हा पांढरा आजारी पडला, म्हणून हा काळाही त्याच्यासाठी घरी बसला. दोन्हीकडचं एकेक मत कमी, म्हणजे डाव होता तसाच राहिला. ह्याला जोडी म्हणतात. तू विचारलंस, पण काळा हळूच परत आला तर? मी म्हटलं, तसं कुणी करत नाही. त्यात कागद नसतो, सही नसते, समोरच्या पक्षातल्या माणसाला दिलेला नुसता शब्द असतो.

तसं एकानंच केलं, आणि तो तुझा बाप. महायुद्धाच्या आधी, वेल्सच्या प्रोबर्टशी त्याची जोडी ठरली होती. प्रोबर्टची बायको अंथरुणाला खिळलेली, तो तिच्याजवळ गेला. जोसलिन सभागृहाच्या ग्रंथालयात पाय लांब करून झोपला. घंटा वाजली. डोळे नीट उघडायच्या आत तो मतदानाच्या दारातून पलीकडे गेला होता आणि मोजला गेला होता. प्रोबर्टचा पक्ष एका मतानं हरला. जोसलिननं प्रोबर्टला एका ओळीचं पत्र लिहिलं, "चूक माझी आहे." बस. मी हजारदा सांगितलं, अरे, झोपेत होतास हे सांग ना लोकांना. त्याचं उत्तर ठरलेलं: पहाऱ्यावरच्या शिपायानं झोप लागली हे कारण द्यायचं नसतं.

तेव्हापासून समोरच्या बाकांवरचं कुणीही त्याच्याशी जोडी करत नाही. नव्या खासदाराला म्हणे पहिल्या दिवशी दोन गोष्टी दाखवतात. कोटाच्या खुंटीवरची तलवार अडकवायची फीत, जी आता कुणाच्या उपयोगाची नाही. आणि अ‍ॅव्हरडेल, ज्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. आणि तेव्हापासूनच त्यानं तीन रेघांचं एकही मतदान चुकवलेलं नाही. लढाईवर होता तेवढा काळ सोडून.

त्याचे प्रतोद स्वतः लिहितात, कर्नलसाहेबांना जोडी मिळाली तर त्यांनी खुशाल विश्रांती घ्यावी. ती देऊ शकेल असा माणूस समोरच्या बाकांवर एकच आहे, आणि तो तुझा नवरा. केलेबला सांग. तेवढं कर. बाकीचं भांडण तुम्ही दोघं नंतर सावकाश करा.

तुझा
क्रिस्पिन काका


अ‍ॅव्हरडेल कोर्ट
शनिवार, ८ मार्च

प्रिय हेस्टर,

तुझं उत्तर मिळालं. त्याला उत्तर म्हणायचं तर दाराच्या कडीलाही उत्तर म्हणावं लागेल. "पप्पांनी स्वतः मागावं. पत्रानं किंवा तोंडानं, पण केलेबला, आणि स्वतः." एवढ्यासाठी तू अख्खं पाकीट वापरलंस? अक्षर मात्र बापाचंच. तोच तिरका ट आणि त्याच्या खाली तोच खोल दाब, जणू कागद शत्रूचा आहे.

ठीक. मी शहाणा माणूस, म्हणून मूर्खाचं काम पत्करलं. मटणाचं सूप घेऊन वर गेलो. सूप नेहमी आपला नोकर प्लेजर नेतो, त्यामुळे मला बघताच जोसलिनला वास आला, सुपाचा नव्हे.

मी म्हटलं, केलेबकडे जोडी माग.

"कोण केलेब?"

"तुझा जावई."

"मला जावई नाही. माझ्या मुलीला नवरा आहे."

हे वाक्य त्यानं आधीपासून तयार ठेवलेलं असणार, कारण लगेच त्याचा चेहरा खुलला आणि त्यानं चमचा मागितला. मग दोन-तीन चमचे झाल्यावर, मी काही न विचारता, आपणहून बोलायला लागला. म्हणाला, तो समोर तिसऱ्या ओळीत बसतो, डावीकडे. इतरांसारखा पाय पुढच्या बाकावर टाकत नाही. एकदा खाणीतल्या घोड्यांवर बोलला. कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या त्या ठेंगण्या घोड्यांवर. अंधारातून वर आणल्यावर त्यांना उजेडाची सवय कशी करावी लागते, डोळ्यांवर ओलं फडकं कसं ठेवतात, असं काहीतरी. "त्या माणसाला घोडा कळतो," जोसलिन म्हणाला. तुझ्या वडिलांच्या तोंडून ह्याहून मोठी स्तुती मी आजवर ऐकलेली नाही. आमच्या बिशपांच्याही वाट्याला ती आलेली नाही.

मी म्हटलं, मग लिही ना त्याला तसं. आणि खाली एक ओळ जोडीची.

"नाही."

"का नाही?"

"सूप गार झालं."

सूप वाफाळत होतं, हेस्टर.

मग मी जरा आवाज चढवला. म्हटलं, तू मेलास तर पोटनिवडणूक लागेल, हे तरी कळतं का? तुझ्या जागी तो बिस्किटवाला, कारखान्याचा मालक, उभा राहील. त्यावर तो गंभीरपणे म्हणाला की बिस्किटवाला वाईट नाही, फक्त घोड्यावर नीट बसत नाही. तीस वर्षं हा माणूस ह्या परगण्यातून निवडून येतोय. दक्षिण आफ्रिकेच्या लढाईवरून परत आला तो गणवेशावरच मतं मागायला उभा राहिला, बरगडीतली गोळी अजून काढायची होती. भाषण केलं तीन वाक्यांचं. लोकांनी टोप्या उडवल्या, कारण समोरचा उमेदवार दोन तास बोलला होता. मंत्रिपदाची चाहूल दोनदा लागली आणि दोन्ही वेळा हा त्या बातमीच्या दिवशी शिकारीला गेलेला. आणि महायुद्ध संपल्यावर, आपल्या पलटणीतला गावातला जो जो पोरगा परत आला नाही त्याच्या घरी हा पायी गेला. गाडीतून नाही. म्हणाला, असल्या घरापुढे गाडी उभी करायची नसते. हा माणूस चांगला आहे हे मला माहीत आहे. म्हणून तर एवढा संताप येतो. वाईट माणसाचा काय संताप करायचा, त्याला सोडून देता येतं.

मी त्याचे लंडनचे बूट लपवून ठेवलेत. कुठे ते तुलाही सांगत नाही, तू त्याचीच मुलगी.

पुन्हा लिहितो आणि पुन्हा मागतो. तू केलेबला सांग. अटीशिवाय.

क्रिस्पिन काका


अ‍ॅव्हरडेल कोर्ट
मंगळवार, ११ मार्च

हेस्टर,

ह्या वेळी तू लांब पत्र लिहिलंस, आणि मला वाटतं आधीचंच बरं होतं.

तू लिहितेस, सात वर्षं दोघं एकाच इमारतीत काम करतात, दालनात समोरासमोर येतात, आणि पप्पा केलेबच्या बाजूनं असे जातात जणू तो हॅट टांगायचा खांब आहे. खरं आहे. तू लिहितेस, लग्नाला आले नाहीत, वकिलाच्या हस्ते चांदीची किटली पाठवली. तेही खरं. ती तू परत पाठवलीस आणि आता ती माझ्या खोलीत आहे, तिचं तोंड गळतं, तेव्हा तुझं फार नुकसान झालं नाही. पण मग तू रोलंडचं लिहिलंस. तुझा भाऊ गेल्याची तार आली त्या दिवशीसुद्धा पप्पा मतदानाला गेले. तू विचारतेस, ज्याला मुलाच्या मरणापेक्षा मोजणी मोठी, त्याच्यासाठी मी नवऱ्याला काय म्हणून वाकायला लावू?

त्या दिवशी घोडागाडीत त्याच्याशेजारी मी होतो. ते मी तुला कधी सांगितलं नाही, कारण त्यानं मला बजावलं होतं. आता बास झालं ह्या घराण्याचं बजावणं. पार्लमेंटाजवळ, वेस्टमिन्स्टरच्या पुलाशी, मला म्हणाला, "क्रिस्पिन, माझी हॅट घरी राहिली." हॅट त्याच्या मांडीवर होती. दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मी म्हटलं, घरी चल. तो म्हणाला, घरी जाऊन कुठे बसू? मग गेला आत, मोजला गेला, बाहेर आला. मोजणी मोठी वाटत होती म्हणून तो गेला नाही, पोरी. त्या दिवशी त्याला जाता येईल असं जगात दुसरं ठिकाण नव्हतं.

ह्याचं तुला काय करायचं ते कर. मी तुला रडवायला लिहीत नाही. मी वैतागून लिहितोय. तुम्ही दोघं दोन टोकांना उभे राहून एकमेकांच्या पाठीकडे बोट दाखवता आणि मधे मी पाकिटं चिकटवत बसतो.

परवा रविवारी ऐकलेल्या प्रवचनाची आठवण काढून काल म्हटलं, ह्याला जरा मऊ करावं. संध्याकाळी त्याच्या उशाशी बसून लहानपणच्या कविता म्हणायला लागलो. आमच्या बाई मिस टफनेल खिडकीच्या फळीवर उभं करून पाठ म्हणायला लावायच्या. त्यातली ही:

वारा म्हणे नदीला, थांब जराशी बाई,
नदी म्हणे वाऱ्याला, समुद्र थांबत नाही.

मी अर्ध्यावर अडलो. साठ वर्षं कविता मी वाचल्या, आणि पुढचं कडवं डोळे मिटून कुणी म्हटलं? तुझ्या बापानं, ज्याला कवितेचा कंटाळा म्हणून रोज छडी मिळायची. सगळं म्हणाला, एकही मात्रा न चुकता, कवायतीच्या हुकमासारखं. मग म्हणाला, ही नदी मूर्ख आहे. ह्यावर माझं म्हणणं निराळं होतं, पण ते राहू दे.

तेव्हा तो जरा सैल होता म्हणून मी पुन्हा विचारलं. का मागत नाहीस? खरं कारण सांग.

त्यानं पांघरुणाची कड सरळ केली. मग म्हणाला, "मी मागितलं तर तो देईल. तेच तर आहे. देईल, आणि त्याचे लोक त्याला फाडून खातील. म्हणतील, सासऱ्यासाठी जोडी केली, तीही अ‍ॅव्हरडेलशी. किती थोड्या मतांवर उभं आहे त्यांचं सरकार. उद्या काही गडबड झाली तर बोट त्याच्याकडे. तो खाणीतून वर आलाय, क्रिस्पिन. त्याला अजून कुणी नीट बसू दिलेलं नाही तिथे. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर तो बुडेल."

मी विचारलं, आणि म्हणून सात वर्षं तू त्याच्याकडे बघत नाहीस?

तो म्हणाला, सुरुवातीला रागानं बघत नव्हतो. नंतर हे लक्षात आलं.

"मग हे हेस्टरला का नाही सांगितलंस?"

"तिनं विचारलं नाही."

मी उठलो आणि बाहेर येऊन दोन्ही हातांनी कठडा धरून उभा राहिलो. प्लेजर खालून म्हणाला, साहेब, पाणी आणू का? मी म्हटलं, नको, हातोडा आण.

हे मी तुला लिहितोय हे त्याला कळलं तर तो मला घराबाहेर काढेल. काढू दे. आजची परिस्थिती अशी: त्याला बूट सापडले. पियानोच्या पोटात होते. तो आता सकाळ-संध्याकाळ वरच्या लांब दालनात चालण्याचा सराव करतो, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि टोकाला पोचला की भिंतीवरच्या तसबिरी बघितल्यासारखं करतो. ओठ निळे पडलेले असतात. मॉट्रम आज म्हणाले की घरी पडून राहिला तर हा उन्हाळा बघेल, कदाचित पुढचाही. आगगाडीत बसला तर लंडनचं स्टेशनसुद्धा नाही.

परवा गुरुवार. साडेबाराची गाडी. ती गेली की मग त्या दिवशी लंडनला वेळेत पोचवणारी दुसरी नाही. मी आता काही मागत नाही. तुला जे माहीत असायला हवं होतं ते आता माहीत आहे, एवढंच.

काका


अ‍ॅव्हरडेल कोर्ट
गुरुवार, १३ मार्च, सकाळ

हेस्टर,

तुझं काहीच आलं नाही. काल दोन्ही टपालं बघितली. टपालवाला मला आता लांबूनच मान हलवून नाही म्हणतो.

हे पत्र दिवाणखान्यातल्या, हॅट आणि हातमोजे ठेवायच्या टेबलाशी बसून लिहितोय. इथून जिना दिसतो आणि दारही दिसतं. लिहिलं नाही तर मी कुणावर तरी ओरडेन, आणि ओरडण्याजोगा इथे प्लेजर एकटाच आहे, त्याचा काय दोष.

सकाळी पहिलं काम केलं ते ड्रायव्हर हॉबडेला गाठण्याचं. त्याला म्हटलं, मोटारीच्या इंजिनातलं असं काहीतरी काढ की ती हलणार नाही, आणि ते माझ्या खिशात दे. त्यानं दिलं. तेलकट पितळी काहीतरी आहे, माझ्या कोटाला डाग पडलाय. अकराला जोसलिन वरून म्हणाला, मोटार दारात आणा. हॉबडे म्हणाला, बिघडली, कर्नलसाहेब. जोसलिन म्हणाला, शेतावरची दुधाची गाडी आणा. हॉबडेनं माझ्याकडे पाहिलं. दुधाच्या गाडीतून काय काढायचं, हेस्टर? घोडा?

ती आता दारात उभी आहे. हंडे उतरवून त्यावर चादर घातली आहे. वारा सुटलाय, चादर उडते, पोरसवदा घोडा बिथरतोय.

त्यानं पदकं लावलीत. चरांच्या बिलासाठी. मी जिन्याच्या तळाशी जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, तू माझ्या अंगावरून जा. तो वरून म्हणाला, बाजूला हो, तू लहानपणीसुद्धा नेहमी वाटेत असायचास. मी बाजूला झालो. मी आयुष्यभर बाजूला झालोय, त्याची सवय मला आहे. पण तो जिना उतरतोय ते बघवत नाही म्हणून इथे कागदात तोंड घातलं. एक पायरी, मग कठडा. एक पायरी, मग खिशातून रुमाल, जणू नाक पुसायलाच थांबला. प्लेजर दोन पायऱ्या खाली उलटा उतरतोय, हात पुढे करून, आणि असं दाखवतोय की तो कठड्यावरची धूळ बघतोय.

तू इथे असतीस तर काय केलं असतंस? मला वाटतं तूही त्याला हॅट आणून दिली असतीस.

दार वाजतंय. मॉट्रम असतील, त्यांना मीच निरोप धाडला होता, शेवटचं एकदा समजवा म्हणून. प्लेजर जिन्यावर अडकलाय. मीच उघडतो.

मॉट्रम नव्हते.

जसं घडलं तसंच लिहितो. दारात एक रुंद खांद्यांचा माणूस, पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कागदी पुडकं. स्टेशनवरून चालत आलाय. मी त्याला फोटोतच पाहिला होता, तरी भुवईवरच्या निळ्या वणामुळे ओळखला. कोळशाचा वण कातडीत राहतो म्हणे.

"क्रिस्पिन काका ना तुम्ही?" तो म्हणाला. "ह्याच दारानं येऊ का मागच्या?"

मी विचारलं, हेस्टर कुठे आहे? तू लंडनलाच आहेस म्हणाला, आणि तू त्याला काही सांगितलेलं नाहीस. मी म्हटलं, मग पत्रं? तर म्हणाला, तिनं दाखवली नाहीत. वाचून झाली की टेबलावर उघडी ठेवायची. आमच्या घरात टेबल एकच आहे, काका, जेवायचं पण त्याच्यावरच.

मी म्हटलं, अरे, पण तो तुझ्याकडे शब्द मागणार नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तो जरा मोठ्यानं बोलला, मला वाटतं माझ्यासाठी नव्हे, जिन्यासाठी.

"आमचे प्रतोद म्हणाले, त्या माणसाचा शब्द आम्ही घेणार नाही. मी म्हटलं, नका घेऊ. मी जाऊन त्यांच्यासमोर बसतो. ते इथे, मी इथे, रात्री मोजणी होईपर्यंत. मी त्यांच्यावर नजर ठेवीन, ते माझ्यावर ठेवतील. शब्दाचा प्रश्नच नाही."

"आणि ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, वेडा आहेस. पण जा म्हणाले."

मागे वळलो. जोसलिन मधल्या वळणावर उभा होता, एक हात कठड्यावर, हॅट डोक्यावर, छातीवर ती सगळी पदकं. किती ऐकलं होतं ते मला माहीत नाही. बाहेर घोडा खूर आपटत होता. जोसलिन केलेबकडे बघत नव्हता, माझ्याकडेच बघत होता, रागानं, जणू हे सगळं मीच जमवून आणलं.

"साडेबाराची गाडी चुकली," तो मला म्हणाला, "तर ह्याला आज लंडन गाठता येईल?"

मी म्हटलं, नाही.

"आणि मला?"

"तुलाही नाही."

तो जिन्यावरच खाली बसला. हळूच, पायरीवर, पदकं खळखळली. हॅट काढून प्लेजरच्या हातात दिली.

"दुधाची गाडी परत पाठव," तो प्लेजरला म्हणाला. "आणि त्या माणसाला दारात उभं करू नका, वारा आत येतोय."